याडीचं दृढीकरण

आमच्या घरी दिवस उगवायचा तो याडीच्या बांगड्यांवर. कापसाच्या जिनिंगचा भोंगा नंतर वाजायचा, आणि रविवारी देवळाबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा त्याच्याही नंतर. पण त्या आधी चुलीपुढं बसून तिनं भाकर थापायला घेतली की दंडापर्यंत भरलेल्या तिच्या पांढऱ्या बांगड्या एकमेकींवर आपटायच्या, आणि त्या आवाजानं मी, बाबा आणि कोंबड्या, सगळेच जागे व्हायचो. याडी म्हणजे माझी आई. ती दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरची, गोरबोलीत वाढलेली, आणि गोरबोलीत आईला याडी म्हणतात. बाबा जिनिंगमध्ये फिटर, आणि त्यांच्या आज्यापासूनचे लुथरन ख्रिस्ती मंडळीतले. दोघांनी लग्न केलं तेव्हा दोन्हीकडून बोंबाबोंब झाली म्हणतात, पण मी जन्मले तोवर सगळ्यांचे आवाज बसले होते. होळीला आम्ही तांड्यावर जाऊन नाचायचो आणि नाताळाला मामा पिशवीत मटण घेऊन आमच्याकडे यायचा. यात काही वेगळं आहे हे मला पुष्कळ दिवस कळलंच नव्हतं.

आमची मंडळी म्हणजे जेमतेम चाळीस घरं. कौलारू देऊळ, आत चुना, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधोमध पेटी आणि ढोलक. आजही बरेच लोक मला विचारतात, "तुम्ही लोक चर्चमध्ये करता काय?" मी सांगते, जगण्यातला एकही टप्पा आम्ही एकट्यानं ओलांडत नाही, एवढंच करतो. कोणाकडे लेकरू झालं की बाप्तिस्म्याच्या रविवारी प्रत्येक घरून तांब्याभर पाणी यायचं आणि एकाच पितळी घंगाळात ओतलं जायचं. "आता यातलं तुमचं पाणी कोणतं आणि त्यांचं कोणतं, काढून दाखवा बरं," असं पाळकसाहेब दर वेळी म्हणत आणि दर वेळी आम्ही नव्यानं हसायचो. कोणी गेलं की प्रत्येक जण आपल्या अंगणातली मूठभर माती घेऊन जायचा. आणि दृढीकरणाला, म्हणजे लहानपणी दुसऱ्यांनी आपल्या नावानं दिलेला शब्द मोठेपणी आपल्या तोंडानं द्यायच्या दिवशी, घरोघरचं पीठ गोळा व्हायचं आणि देवळामागं गोवऱ्यांच्या आरावर रोडगे लागायचे. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. हल्ली केक कापतात. मला त्या केकचा भयंकर राग येतो, पण माझं आता कोण ऐकतं?

त्या दिवसाची आणखी एक रीत होती. वेदीपुढं गुडघे टेकलेल्या प्रत्येक मुलामागं एक मोठं माणूस उभं राहायचं आणि आपला उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवायचं. त्याला साक्षीदार म्हणायचे. पण साक्षीदार कोण? तर ज्याचं स्वतःचं दृढीकरण झालेलं आहे आणि जो प्रभुभोजन, म्हणजे वेदीपुढं भाकरीचा तुकडा, घेतो तोच. आणि इथंच माझं घोडं अडलं.

याडी प्रभुभोजन घेत नव्हती. तिचा बाप्तिस्मा लग्नाच्या आधी झाला होता, पण दृढीकरण राहिलं ते राहिलंच. आधीच्या पाळकांचं म्हणणं, धर्मशिक्षणाचं प्रश्नोत्तरीचं पुस्तक ज्याचं त्याला वाचता आलं पाहिजे. याडीला अक्षरओळख नव्हती. मग ते पाळक बदलून गेले, याडीही गप्प राहिली आणि वर्षामागून वर्षं गेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी भोजनाची वेळ झाली की बायका आपापली लेकरं शेवटच्या बाकावर याडीच्या हवाली करायच्या आणि पुढं जायच्या. एक मांडीवर, एक कडेवर, दोन पायाशी, एक बांगड्या चावत बसलेलं. मंडळीत याडीचं नाव मार्था. सगळ्यांना वाटायचं, मार्थाबाई किती चांगली, लेकरं सांभाळते. मलाही तसंच वाटायचं. मग एका रविवारी मी सहज मागं वळून पाहिलं. पुढं भाकरीचा तुकडा हातात घेणाऱ्या बायकांकडे याडी बघत होती, आणि लग्नाच्या पंगतीत ज्याला कोणी ताट वाढलं नाही अशा माणसाचा चेहरा तिच्या तोंडावर होता.

मी चौदा वर्षांची, तोंडाळ आणि वर्गात पहिली. पाळकसाहेबांच्या शनिवारच्या वर्गात आम्ही सहा मुलं होतो. प्रश्नोत्तरीतली प्रत्येक गोष्ट पाठ करायची आणि तिच्यामागून ठरलेला प्रश्न यायचा, "याचा अर्थ काय?" त्याचंही उत्तर पाठ करायचं. मला ते झोपेतही यायचं. वर्गाला मंडळीतले पंच म्हणून गुरुजी हजर असायचे. गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. धोतर पांढरंशुभ्र, नखं आमचीही तपासायचे आणि पाळकसाहेबांची तपासायची तेवढी बाकी ठेवायचे. कापणीचा सण झाला त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी विचारलं, कोणामागं कोण उभं राहणार? माझ्या धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याला माझ्या नावानं शब्द देणाऱ्या दवाखान्यातल्या नर्सबाई, आदल्या वर्षी वारल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "रूथच्या मागं आमच्या घरच्या उभ्या राह्यतीन."

"नाही," मी म्हणाले. "माही याडी उभी राहीन."

पाळकसाहेब नगरकडचे, बोलायला मऊ. "रूथ, नियम तुला माहीत आहे," ते म्हणाले.

"मंग तिचं दृढीकरण करा. मी शिकवतो तिले."

"वाचता येत नाही तिले," गुरुजी म्हणाले.

"आयकता येते ना!"

पाळकसाहेबांनी हसू दाबायला दाढी खाजवली. मग त्यांनी निकाल दिला तो असा, की ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दृढीकरण आणि त्याच्या आदल्या रविवारी भर मंडळीपुढं परीक्षा. आईची आणि लेकीची, सगळ्यांची सारखीच. वाचता आलंच पाहिजे असं देवानं कुठं म्हटलेलं त्यांना सापडलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "ठीक हाय. पण मागून कोणी सांगाचं नाही. सांगणारा बी फेल, आयकणारा बी फेल."

घरी येऊन मी ही बातमी मोठ्या तोऱ्यात सांगितली. मला वाटलं याडी मला जवळ घेईल. तिनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "कोणं सांगतलं तुले हे धंदे कराले? मी काही बोलली होती का? मी बरी हाय मागंच. ते लेकरं कोण धरन?"

"त्यायच्या माया धरतीन! तू नाही तं मी बी नाही. गुरुजीच्या बाईचा हात मले खांद्यावर नाही पाह्यजे."

"रूथ, तोंड सांभाळ."

"नाही सांभाळत!"

बाबा अंबाडीच्या भाजीशी भाकर खात होते. ते शांतपणे म्हणाले, "दोन इंजिनं एकदम सुरू झाले. आता पट्टा तुटल्याबिगर थांबत नाही." आणि त्यांनी आणखी भाजी मागितली. सकाळी भाकर थापताना याडी पाठमोरी बसूनच म्हणाली, "सांग मंग. काय हाय ते पह्यलं?"

असं आमचं शिक्षण सुरू झालं. मी इतकी वाईट मास्तरीण होते की आज आठवलं तरी कानकोंडी होते. पुस्तक मांडीवर घेऊन मी चुलीशेजारी बसायची, एक तुकडा म्हणायची, ती तो म्हणायची, आणि मी लगेच हाकायची, "हं, समोर!" आमच्याकडे पुढं म्हणायला समोरच म्हणतात. तिनं तुकडा बरोबर म्हटला तरी शाबासकी नाही, चुकला तरी समजावणं नाही, नुसतं "हं, समोर!" भाकर पलटायची, "हं, समोर!" डोळ्यांत धूर जायचा, "हं, समोर!" आपण बाई एखाद्या माणसाला शिकवतोय, तेही आपल्या आईला, याची मला शुद्ध नव्हती. बैल हाकणाराही मधूनमधून थांबतो.

ती दिवसभर शेवंताबाईच्या वावरात कापूस वेचायला जायची. शेवंताबाई म्हणजे वावराच्या मालकीण. घरचं सगळं चांगलं, तरी कमरेला ओटी बांधून बायकांबरोबर स्वतः वेचायच्या, आणि गप्पांत त्यांचा हात धरणारी कोणी नव्हती. याडी सरीला लागली की ओठातल्या ओठात दहा आज्ञा म्हणायची. शेवंताबाईंनी विचारलं, "काय पुटपुटून राह्यली वं?" याडीनं सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून सगळ्या सरीला दहा आज्ञा पाठ व्हायला लागल्या. आठवी आज्ञा शेजाऱ्याविषयी खोटंनाटं बोलू नये अशी आहे. एखादीनं कोणाच्या सुनेविषयी तोंड उघडलं की शेवंताबाई लांबून ओरडायच्या, "आठवी वं, आठवी!" आणि सगळ्या बायका कापसात बसून हसायच्या. याडी घरी येऊन हे सांगायची तेव्हा तिच्या केसांत कापसाचे धागे असायचे आणि बोटांची टोकं बोंडांनी ओरबाडलेली असायची. मी म्हणायची, "हसू नको. नववी सांग."

मग माघातल्या एका संध्याकाळी गुरुजी घरी आले. वाईट मनानं आले होते असं मी आता म्हणणार नाही. तेव्हा मात्र म्हटलं होतं, आणि मोठ्यानं. त्यांनी चहा घेतला, पुस्तक उघडून याडीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "दोन ओळी वाचून दाखवा." याडीनं पुस्तक दोन्ही हातांनी धरलं आणि तशीच उभी राहिली. "बरं, नाव तं लिहा," असं म्हणून त्यांनी माझी पाटी पुढं केली. याडीनं लेखणी घेतली, टेकवली, आणि परत ठेवली. गुरुजी म्हणाले, "मार्थाबाई, वाईट मानू नका. पण आपण काय म्हणतो ते आपल्याले समजाव, नाही तं ते पोपटाचं बोलणं होते." ते गेले. याडीनं कप विसळला, पाटी पुसली, ती कोरीच होती तरी पुसली.

चार दिवस चुलीपुढं नुसत्या बांगड्या वाजल्या, धडा एक नाही. पाचव्या दिवशी माझा तोल गेला. "मोठे आले गुरुजी! नाही कराचं मले ते दृढीकरण!" म्हणत मी पुस्तक चुलीत टाकायला निघाले. याडीनं माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली. "पुस्तकाचा काय कसूर हाय?" तिनं ते माझ्याकडून घेतलं, पदरानं पुसलं आणि कोनाड्यात ठेवलं. मग माझ्याकडे तोंड करून बसली, आणि तिचा आवाज मी कधीच न ऐकलेला होता. "आयक छोरी. आधी तुयासाठी करून राह्यली होती मी. आता तुयासाठी नाही. पंधरा वर्सं झाले, त्या बाकावर बसून लोकायचे लेकरं धरतो, आणि समोर सगळे जेवतेत. मले बी भूक लागते का नाही? मले जेवाचं हाय तिथं. सांग, कुठं होतो आपण?"

मी रडतच म्हणाले, "प्रभूच्या प्रार्थनेतल्या तिसऱ्या मागणीवर."

"हं," ती म्हणाली, "समोर."

परीक्षेचा रविवार आला तेव्हा पळस संपत आला होता आणि देवळात ऊन कौलांतून आत टपकत होतं. बाक गच्च भरलेले. बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर एक नवल बसलेलं होतं: नऊवारी, कपाळभर कुंकू, शेवंताबाई. "मले बी आर्धं पाठ हाय, पास होते का नाही ते पाहाले आलो," असं त्या दारातल्या दारात पाळकसाहेबांना सांगून आल्या होत्या. आम्ही सहा मुलं पुढं उभी, आणि आमच्या रांगेच्या टोकाला, डोक्यावर पदर घेतलेली माझी याडी. प्रश्न गुरुजींनी विचारायचे होते. मुलांचं पटापट झालं. मीही सगळं घडाघडा म्हटलं, आणि म्हणताना इकडंतिकडं बघूनही घेतलं. इतका माज होता. मग गुरुजी म्हणाले, "मार्थाबाई, आठवी आज्ञा. अर्थासहित."

याडीनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज स्वच्छ, उच्चार माझ्यासारखा, पुस्तकी. "आपल्या शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देऊ नको. हं, समोर. आपण देवाला भ्यावं आणि त्याच्यावर प्रीती करावी. हं, समोर. शेजाऱ्याचं नाव खराब करू नये. हं, समोर."

आधी पोरं खिदळली. मग बायका. मग पेटीवाले काका पेटीवर डोकं टेकवून हसायला लागले. आणि मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी तिला जसं शिकवलं तसं ती शिकली होती. पुस्तकात काय आणि माझ्या तोंडचं काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक वाक्यानंतर "हं, समोर" ही पवित्र वचनातलीच ओळ आहे असं समजून तिनं ती चार महिने श्रद्धेनं पाठ केली होती. तिनं डोळे उघडले, हसणारी तोंडं पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. काय चुकलं, असं ती डोळ्यांनी विचारत होती. तिच्या त्या नजरेला मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कोणाला घाबरले नाही.

गुरुजी हसले नव्हते. "साहेब, हेच म्हणलं होतं मी," ते पाळकसाहेबांना म्हणाले. "पाठांतर हाय. समज हाय का ते पाहा."

पाळकसाहेब उठून तिच्यापुढं आले. "मार्थाबाई, पुस्तक राहू द्या. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. याचा अर्थ काय? तुमच्या शब्दांत सांगा."

याडी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. माझे ओठ आपोआप हलायला लागले. "मागून कोणी सांगाचं नाही!" गुरुजी गरजले. मी ओठ दातांत धरले. याडीनं मागं वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मग पुन्हा तोंड फिरवलं, आणि या वेळी पुस्तकी नाही, आपल्या आवाजात बोलायला लागली.

"भाकर म्हंजे नुसती भाकर नाही साहेब. भाकर आली तं जवारी आली. जवारी आली तं वावर आलं, पाणी आलं, वावराचा मालक आला. शेवंताबाई आल्या, त्या दुपारी आपल्या कांद्यातला आर्धा मले देतेत. जिनिंगचा भोंगा आला, कावून का तो वाजला नाही तं आमच्या घरी पीठ नाही. नवरा आला, तो पगार घेऊन सीधा घरी येते. हे पोट्टी आली, लय चिडते पण खोटं बोलत नाही." लोक पुन्हा हसले, पण आता वेगळं. "तांड्यावरचा माहा भाऊ आला. आणि गुरुजी आले."

"मी?" गुरुजी म्हणाले.

"हाव. माह्या बाप्तिस्म्याच्या पाण्यात तुमचा बी तांब्या होता. मी पाह्यला होता. तो, पोचा पडलेला." ती थांबली. "देव हे सगळं न मागता बी देतेच, सगळ्यायले. मंग मागाचं कायले? तं मागितलं म्हंजे ध्यानात राह्यते, का हे आपलं नव्हतं, कोणं तरी देलं. एवढंच मले समजलं."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "अजून एक," ते म्हणाले. "प्रभुभोजन कोणासाठी हाय?"

"भुकेल्यासाठी," याडी म्हणाली. "पोट भरेल माणसानं कायले याव?"

आमच्याकडे मंडळीनं उभं राहून पास करायचं असतं. गुरुजी सगळ्यांच्या आधी उठले. मग बाक असे सरकले की देवळामागच्या कोंबड्या उडाल्या. शेवंताबाईही उठल्या, त्यांना मत नव्हतं तरी उठल्या. मी पळत जाऊन याडीच्या कमरेला मिठी मारली, आणि ती माझ्या कानात म्हणाली, "ते हं समोर पुस्तकात नाही का वं?" मी मान हलवली. "सटवे," ती म्हणाली, आणि गुरुजी घरी आले त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा खळखळून हसली.

झावळ्यांच्या रविवारी पहाटेपासून देवळामागं गोवऱ्यांचा धूर होता. आमच्याकडे झावळ्या म्हणजे शिंदीच्या फांद्या. मुलं त्या हलवत गावातून फिरून आली. ढोलकाला इतका जोर होता की बाजारातले लोक दुकानांतून उठून आले. मामा तांड्यावरून दहा-बारा माणसं घेऊन आला होता, बायका घागऱ्यांत, आरसे चमकत, आणि पुरुषांच्या बाजूला बसावं की बायकांच्या यावर त्यांच्यात दारातच वाद चालला होता. बाबांनी जिनिंगची सुट्टी मागितली नव्हती, सांगितली होती. हातांतलं ग्रीस कधी न निघणारा माझा बाप त्या दिवशी राखेनं हात घासघासून लाल करून आला. याडीनं हिरवं लुगडं नेसलं होतं, बांगड्या त्याच. आणि शेवटच्या बाकावर, एक मांडीवर, एक कडेवर, दोन पायाशी, अशी मंडळीतली सगळी लेकरं घेऊन कोण बसलं होतं? शेवंताबाई. "जाय तू," त्या याडीला म्हणाल्या, "आज माही पाळी."

मोठी म्हणून याडीची वेळ आधी. ती वेदीपुढं गुडघे टेकून बसली. तिच्या मागं साक्षीदार म्हणून बाबा, खांद्यावर लाल झालेला हात. बाजूला भाकरीचं ताट धरून गुरुजी. पाळकसाहेबांनी प्रश्न वाचला: या विश्वासात राहायची, मरेपर्यंत राहायची तुमची इच्छा आहे काय? उत्तर एवढंच होतं: होय, देवाच्या साहाय्यानं. हे तिनं एक नाही, शंभर वेळा म्हटलं होतं. पण तिच्या तोंडून आवाज निघेना. तिनं तोंड उघडलं, मिटलं. खांदे हलायला लागले. सगळं देऊळ श्वास धरून, पाळकसाहेब पुस्तक धरून. मी पुढच्या बाकावर मुठी आवळून बसलेले. मागून सांगायचं नाही, सांगणारा फेल, ऐकणारा फेल.

आणि मग गुरुजी किंचित वाकले. ताट सांभाळत, ओठ जेमतेम हलवत, त्या माणसानं माझ्या आईच्या कानाशी हळूच म्हटलं,

"हं, समोर."

"होय," याडी म्हणाली. मोठ्यानं, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत. "होय, देवाच्या साहाय्यानं." आणि पाळकसाहेबांनी गुरुजींच्या ताटातला तुकडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला, त्या ओरबाडलेल्या बोटांच्या तळहातावर. तिनं तो लगेच खाल्ला नाही. क्षणभर नुसता बघितला. मग खाल्ला. मी तेव्हा रडले, आता लिहितानाही रडते आहे, आणि मला त्याची काडीची लाज नाही. लोहारा गावातल्या या घरात मी आता एकटी राहते, आणि एमआयडीसीतला भोंगा झाला की अजून वाटतं, बांगड्या आधी वाजायला हव्या होत्या.

मग आम्हा मुलांची पाळी. मी गुडघे टेकले. मागून बांगड्या वाजल्या आणि माझ्या उजव्या खांद्यावर तिचा हात पडला, गोवऱ्यांच्या धुराचा वास असलेला, जड. पाळकसाहेबांनी मला तोच प्रश्न विचारला. मी वर्गात पहिली. मला झोपेत येणारं उत्तर. आणि काय सांगू, माझ्या डोक्यात एक अक्षर उरलं नाही. फक्त तो हात. पाळकसाहेब थांबले, गुरुजी थांबले, ढोलकवालाही माझ्याकडे बघायला लागला.

"हं, समोर!" याडी म्हणाली. कुजबुजून नाही, वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशी. सगळं देऊळ हसलं, तांडा हसला, शेवंताबाईंच्या मांडीवरची लेकरं दचकून रडायला लागली.

"हाव," मी म्हणाले.

पुस्तकात होय आहे. गुरुजी ताट धरून माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी दुरुस्त केलं नाही.